उघड्यावरचं एक मिनिट

मलेरियाच्या रुग्णाला हुडहुडी भरते तेव्हा त्याच्या अंगातल्या असंख्य तांबड्या पेशी जवळपास एकाच सुमारास फुटत असतात. प्रत्येक पेशीतून प्लाझ्मोडियम या परजीवीची नवी पिढी रक्तात सांडते. फाल्सिपॅरम ही त्यातली सर्वांत घातक जात. तिच्या बाबतीत एका पेशीतून साधारण १६ ते ३२ जीव बाहेर पडतात. या अवस्थेतल्या परजीवीला मेरोझॉइट म्हणतात. त्याची लांबी जेमतेम दीड मायक्रोमीटर, आणि ज्या तांबड्या पेशीत त्याला शिरायचं असतं तिचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर. वेळही अगदी थोडा. शरीराच्या तापमानात काही मिनिटांतच त्याची पेशीत शिरण्याची ताकद ओसरते. तेवढ्यात नवी पेशी गाठता आली नाही, तर तो संपला. गाठता आली, तर मिनिटभरात तो आत असतो, आणि मग फाल्सिपॅरमचे पुढचे ४८ तास रक्तातल्या अँटिबॉडी त्याच्या अंगाला लागू शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यांत सर्वाधिक आफ्रिकेतली लहान मुलं. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढतो, पण त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. ताप, रक्तक्षय, फुगलेली पाणथरी, मेंदूचा मलेरिया हे सगळं सुरू होतं ते तांबड्या पेशींतल्या या फेऱ्यांमुळे. म्हणून मेरोझॉइटचं ते उघड्यावरचं मिनिट हा या रोगातला सर्वांत मोलाचा क्षण आहे असं मला वाटतं. त्या मिनिटात परजीवी आपली कोणती प्रथिनं, कोणत्या क्रमाने बाहेर काढतो, हे समजायला पन्नास वर्षं लागली आणि काम अजून चालू आहे.

तांबडी पेशी निवडण्यात परजीवीचा फायदा उघड आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे सतत पृष्ठभागावर मांडत असतात. ते तपासून टी-पेशी संसर्ग ओळखतात. पिकलेल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसतं आणि ही मांडणी करणारी यंत्रणाही तिच्याकडे नसल्यात जमा असते. आत कोण राहतंय याचा पत्ता बाहेर लागत नाही, आणि खायला हिमोग्लोबिन भरपूर. पण शिरणं मात्र कठीण. काळाआजाराचा परजीवी ज्या भक्षक पेशींत राहतो, त्या पेशी त्याला स्वतःच गिळतात. तांबडी पेशी काहीच गिळत नाही. तिच्यात जायचं तर सगळी मेहनत परजीवीलाच करावी लागते.

ही मेहनत डोळ्यांनी प्रथम नीट दिसली १९७५ साली. अमेरिकेतल्या जेम्स ड्वोराक, लुई मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत मेरोझॉइट तांबड्या पेशीत शिरतानाचं सूक्ष्मदर्शकाखाली चित्रण केलं. त्यांनी वापरलेली जात होती नोलेसाय, म्हणजे आग्नेय आशियातल्या माकडांचा मलेरिया. तिचे मेरोझॉइट आकाराने मोठे आणि जरा टिकाऊ असतात. चित्रणात दिसलं ते असं. मेरोझॉइट कुठल्याही बाजूने पेशीला टेकतो. टेकताक्षणी एरवी शांत असलेली पेशी हलू लागते, तिचा पृष्ठभाग त्याच्याभोवती लपेटल्यासारखा होतो. मग तो वळतो आणि आपलं निमुळतं टोक पेशीच्या पृष्ठभागाला नेमकं भिडवतो. क्षणभर सगळं थांबतं. त्यानंतर पेशीला खळगा पडत जातो आणि मेरोझॉइट त्यात सरकत सरकत दिसेनासा होतो. पुढे काही मिनिटं पेशी आक्रसून काटेरी होते, आणि मग पुन्हा पहिल्यासारखी गोल, चपटी. बाहेरून पाहणाऱ्याला काही घडलं होतं याची खूणही उरत नाही.

आता या हालचालींमागची प्रथिनं पाहू.

बाहेर पडलेल्या मेरोझॉइटच्या अंगावर बारीक तंतूंचं दाट आवरण असतं. त्यात सर्वांत जास्त प्रमाण एमएसपी-१ या प्रथिनाचं. ते परजीवीच्या पटलाला एका मेदयुक्त दुव्याने टांगलेलं असतं आणि पेशी फुटण्याच्या सुमारास त्याचे चार तुकडे केले जातात. हे तुकडे वेगळे न होता एकमेकांना धरूनच राहतात. या तोडणीशिवाय जुन्या पेशीतून बाहेर पडणंही मंदावतं, असं आता दिसून आलं आहे. नव्या पेशीशी पहिला, सैलसा संपर्क या आवरणामार्फत होतो असं बरीच वर्षं मानलं जातं. पण या आवरणाने परजीवी आत जात नाही. आत नेणारी प्रथिनं त्या वेळी त्याच्या पृष्ठभागावर नसतातच. ती निमुळत्या टोकाजवळच्या दोन प्रकारच्या पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. लहान, असंख्य पिशव्यांना मायक्रोनीम म्हणतात आणि मोठ्या, जोडीने असलेल्या लांबट पिशव्यांना रॉप्ट्री.

ती प्रथिनं आधीच बाहेर का ठेवलेली नाहीत? कारण बाहेर असलेल्या प्रत्येक प्रथिनावर अँटिबॉडी बसू शकते. म्हणून ती शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली राहतात. मग तो क्षण आला, हे परजीवीला कळतं कसं? याचं एक सुरेख उत्तर दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रातून २०१० साली आलं. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेरच्या रक्तद्रवात अगदी कमी. जुनी पेशी फुटून मेरोझॉइट रक्तद्रवात पडला की त्याच्याभोवतीचं पोटॅशियम एकदम घटतं. त्या बदलाने त्याच्या आतलं कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की मायक्रोनीममधली प्रथिनं टोकाशी येऊन पृष्ठभागावर पसरतात. आपण उघड्यावर आलो आहोत, हे त्याला आपल्याच रक्तातल्या क्षारांवरून कळतं.

या मायक्रोनीममधल्या प्रथिनांपैकी एकाची कथा एका रक्तगटापासून सुरू होते. १९५० साली इंग्लंडमध्ये एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात, वारंवार रक्त चढवल्यामुळे तयार झालेली एक अनोळखी अँटिबॉडी सापडली. ती ज्या रेणूविरुद्ध होती त्याला रुग्णाच्या आडनावावरून डफी असं नाव पडलं. पुढे लक्षात आलं की पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बहुतेक सगळ्या लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतोच. त्याच्याही आधीची एक नोंद डॉक्टरांना ठाऊक होती. पेनिसिलिन येण्यापूर्वी मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसवर उपचार म्हणून रुग्णाला मुद्दाम मलेरिया देत असत, कारण तापाने सिफिलिसचे जंतू मरत. या उपचारासाठी ज्युलियस वाग्नर-यॉरेग यांना १९२७ चं नोबेलही मिळालं. अमेरिकेत हा उपचार करताना दिसून आलं होतं की व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया बहुसंख्य कृष्णवर्णीय रुग्णांना धरतच नाही. कारण कुणाला सांगता येत नव्हतं.

लुई मिलर यांनी या दोन गोष्टी जोडल्या. १९७५ साली त्यांनी दाखवलं की डफी नसलेल्या माणसाच्या तांबड्या पेशीत नोलेसाय शिरू शकत नाही, आणि पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासातून व्हायव्हॅक्सबद्दलही तेच सिद्ध झालं. त्यांच्या नंतरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत एक तपशील आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. डफी नसलेल्या पेशीलाही मेरोझॉइट चिकटतो. तो वळतो, टोक भिडवतो, सगळं रीतसर करतो. पण त्यापुढे काही होत नाही. डफी असलेल्या पेशीशी त्याचा घट्ट, जाड सांधा तयार होतो, इथे मात्र टोकापासून पेशीपर्यंत नुसते बारीक तंतू ताणलेले दिसतात. चिकटणं वेगळं आणि सांधा जुळणं वेगळं, ही दोन कामं वेगवेगळी प्रथिनं करतात, हे या एका चित्रातून कळलं.

डफी हा मुळात आपल्या शरीरातल्या दाहाच्या संदेशरेणूंना पकडणारा रिसेप्टर आहे हे १९९३ साली समजलं. आणि आफ्रिकेतल्या लोकांच्या पेशींवर तो का नाही, याचं कारण १९९५ साली. त्यांच्या जनुकात, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधीच्या भागात, फक्त एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे जनुक तांबड्या पेशींपुरतं बंद राहतं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते नेहमीसारखं काम करतं. शरीराचं काही बिघडत नाही, आणि परजीवीला धरायला जागा उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने इतका नेमका बदल एवढ्या मोठ्या लोकसंख्येत रुजावा, यावरून मलेरियाने माणसाची केवढी किंमत वसूल केली असेल याचा अंदाज येतो. भारतात डफी जवळपास सगळ्यांकडे असतो, म्हणून आपल्याकडे व्हायव्हॅक्सही सुखाने नांदतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपॅरमचं वर्चस्व असलं तरी मुंबईसारख्या शहरातला मलेरिया बहुतांशी व्हायव्हॅक्सचा असतो.

डफीला धरणारं परजीवीचं प्रथिन म्हणजे डीबीपी. त्याचा नेमका कोणता भाग पकड घेतो हे १९९४ साली शोधलं चेतन चिटणीस यांनी, मिलर यांच्याच प्रयोगशाळेत. चिटणीस मूळचे भौतिकशास्त्राचे, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. त्यांनी डीबीपीचे वेगवेगळे भाग माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर एकेक करून उमटवले आणि त्यांवर माणसाच्या तांबड्या पेशी सोडल्या. एका भागाने मात्र तांबड्या पेशी आपल्याभोवती गोळा केल्या, आणि डफी नसलेल्या पेशींना त्याने हातही लावला नाही. सुमारे साडेतीनशे अमिनो आम्लांचा हा तुकडा आता व्हायव्हॅक्सविरोधी लसीचा आधार आहे.

व्हायव्हॅक्सची आणखी एक अडचण आहे. त्याला कुठलीही तांबडी पेशी चालत नाही, नुकती अस्थिमज्जेतून आलेली कोवळी पेशी लागते, आणि रक्तात अशा पेशी शेकडा एक-दोनच असतात. कारण २०१८ साली स्पष्ट झालं. त्याचं दुसरं एक प्रथिन, आरबीपी-२बी, ज्या रिसेप्टरला धरतं त्याचं काम लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनला पेशीत घेणं. तांबडी पेशी पिकली की ती हा रिसेप्टर टाकून देते. त्यामुळे व्हायव्हॅक्सच्या रुग्णात परजीवींची संख्या मर्यादेत राहते. फाल्सिपॅरमला कोवळी-जून कुठलीही पेशी चालते आणि म्हणूनच तो जिवावर उठतो.

फाल्सिपॅरमकडे पर्यायही जास्त. त्याचं ईबीए-१७५ हे प्रथिन १९८५ साली सापडलं. ते तांबड्या पेशीवरच्या ग्लायकोफोरिन-ए या प्रथिनाला, त्यावरच्या सियालिक आम्लाच्या आधाराने धरतं. वाटलं, सापडला मार्ग. पण ईबीए-१७५ चं जनुक काढून टाकलं तरी परजीवी दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीने शिरतो. ईबीए कुळात आणखी प्रथिनं आहेत, त्याशिवाय आरएच हे दुसरं कुळ आहे, आणि कुठल्या वाणाने यांतलं कोणतं किती वापरायचं हे वाणागणिक बदलतं. मेरोझॉइट टेकल्यावर पेशीचा पृष्ठभाग जो वाकतो, लपेटतो, तो प्रामुख्याने याच दोन कुळांमुळे. इथे एक वाट बंद केली तर तो दुसरीने जातो. लशीवर काम करणाऱ्यांची अनेक वर्षं या टप्प्यावर खर्ची पडली.

याला अपवाद ठरलं आरएच-५. त्याचं जनुक काढलं की परजीवी जगतच नाही. पण ते पेशीवर कशाला धरतं, ते कळत नव्हतं. पृष्ठभागावरच्या प्रथिनांची पकड बहुधा फार सैल असते, सेकंदाच्या आत सुटते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतींनी ती हाती लागत नाही. इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये गॅविन राइट यांच्या गटाने यावर तोड काढली. एकाच प्रथिनाचे पाच रेणू एकत्र बांधायचे, म्हणजे एकाची पकड सुटली तरी बाकीचे धरून राहतात. या पद्धतीने तांबड्या पेशीवरची प्रथिनं एकेक करून तपासली तेव्हा २०११ साली उत्तर मिळालं: बॅसिजिन. बॅसिजिनवर अँटिबॉडी बसवून ते झाकलं, तर तपासलेल्या कुठल्याच वाणाला तांबड्या पेशीत शिरता आलं नाही. आरएच-५ एकटं काम करत नाही, सायआरपीए आणि रिपर ही दोन प्रथिनं त्याला जोडलेली असतात. ही तिकडी एकत्र आल्याशिवाय प्रवेश होत नाही, हे दाखवण्यात २०१५ साली दिल्लीतल्या दीपक गौर यांच्या गटाचा वाटा मोठा होता.

आरएच-५ चा पूर्वेतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. फाल्सिपॅरमचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेतल्या वानरांत राहतात, आणि जनुकांच्या तुलनेतून दिसतं की आरएच-५ असलेला गुणसूत्राचा तुकडा फाल्सिपॅरमच्या पूर्वजाकडे गोरिलाच्या दुसऱ्या एका परजीवीकडून आला. २०१९ साली शास्त्रज्ञांनी ते प्राचीन प्रथिन प्रयोगशाळेत पुन्हा तयार करून पाहिलं. ते गोरिलाच्या बॅसिजिनलाही धरत होतं आणि माणसाच्याही. नंतरच्या एका बदलाने गोरिलावरची पकड गेली आणि माणसावरची राहिली. आपल्या सर्वांत घातक मलेरियाचा इतिहास काही अंशी या एका प्रथिनात लिहिलेला आहे.

आरएच-५ ने बॅसिजिन धरलं की त्या जागी, तांबड्या पेशीच्या आत, कॅल्शियमची एक लहर उमटलेली दिसते. त्यानंतर रॉप्ट्री रिकाम्या होऊ लागतात, आणि जे घडतं त्याला तोड नाही. परजीवी आरओएन नावाची आपली प्रथिनं तांबड्या पेशीच्या पटलात घुसवतो. त्यांतल्या आरओएन-२ चा एक फास पेशीच्या बाहेरच्या अंगाला डोकावत राहतो. आणि परजीवीच्या स्वतःच्या अंगावर असलेलं एएमए-१ हे प्रथिन त्या फासाला घट्ट पकडतं. म्हणजे पकडायची वस्तूही परजीवीची आणि पकडणाराही परजीवीच. या सांध्यापुरता तो यजमानावर अवलंबून राहत नाही. मांजरातून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा हा मलेरियाच्या परजीवीचा चुलतभाऊ याच यंत्रणेने उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या जवळजवळ कुठल्याही केंद्रकधारी पेशीत शिरतो. मेरोझॉइटला मात्र सांध्यापर्यंत पोचायलाच डफी किंवा बॅसिजिन लागतं, म्हणून तो पेशीच्या बाबतीत चोखंदळ राहतो.

सांधा टोकाशी कड्यासारखा तयार होतो. हातात बांगडी भरताना हात पुढे जातो आणि बांगडी मनगटाकडे सरकते, तसं हे कडं मेरोझॉइटच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरकत जातं. ओढ देणारी शक्ती असते अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांची, म्हणजे आपल्या स्नायूंत असतात त्याच कुळातल्या प्रथिनांची. कडं मागे सरकतं तसं अंगावरचं तंतूंचं आवरण एक विकर कापून टाकतं. एमएसपी-१ चा शेवटचा छोटा तुकडा तेवढा आत जातो, बाकी सगळं रक्तात गळून पडतं. त्यावर बसलेल्या अँटिबॉडीही त्यासोबत बाहेरच राहतात. शेवटी मागच्या बाजूने पटल मिटतं आणि परजीवी स्वतःभोवतीच्या एका पोकळीत बंद होतो.

लशींचा विचार करताना हा सगळा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. एमएसपी-१ वर आधारलेली लस केनियातल्या मुलांवर अपयशी ठरली. एएमए-१ ची लस मालीतल्या मुलांना दिली, तेव्हा २०११ च्या निष्कर्षात एकूण संरक्षण नगण्य निघालं, पण लशीतल्या वाणाशी जुळणाऱ्या परजीवींपुरतं ते ६४ टक्के होतं. एएमए-१ चं रूप वाणागणिक इतकं बदलतं की एका रूपाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला ओळखत नाहीत. आरएच-५ मध्ये असे बदल फार कमी आहेत. ते क्षणभरच उघडं पडत असल्याने वारंवार मलेरिया झालेल्या माणसांतही त्याविरुद्ध अँटिबॉडी तुटपुंज्याच सापडतात. त्यामुळे रूप बदलत राहण्याचा दबावही त्याच्यावर कमी पडला असावा.

पण हा क्षणच लशीपुढची मोठी अडचण आहे. अँटिबॉडीला काही सेकंदांत प्रथिन गाठावं लागतं. म्हणून रक्तात तिचं प्रमाण फार मोठं हवं आणि पकडण्याचा वेगही हवा. २०१९ साली ऑक्सफर्डच्या सायमन ड्रेपर यांच्या गटाने लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातून आरएच-५ विरुद्धच्या अँटिबॉडी वेगवेगळ्या करून पाहिल्या. सर्वांत परिणामकारक ठरल्या त्या झटकन पकडणाऱ्या. त्यांतच एक अँटिबॉडी अशी निघाली की तिच्या एकटीच्या बळावर परजीवी अडत नव्हता. ती फक्त त्याचं आत शिरणं लांबवत होती, आणि मिळालेल्या त्या जादा वेळात सोबतच्या इतर अँटिबॉडी आपलं काम पुरं करत होत्या.

आरएच-५ ची लस बुर्किना फासोतल्या ५ ते १७ महिन्यांच्या बाळांना देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरात आले. तीन मात्रा महिन्या-महिन्याने दिल्या तेव्हा संरक्षण ४० टक्के होतं, तिसरी मात्रा उशिरा दिली तेव्हा ५५ टक्के. व्हायव्हॅक्सच्या डीबीपीवरच्या लशीची चाचणी त्याआधी २०२३ साली प्रसिद्ध झाली. स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन पाहिला, तेव्हा मात्रांमध्ये मोठं अंतर ठेवलेल्या गटात परजीवींच्या वाढीचा वेग सरासरी निम्म्यावर आला होता. सध्या आफ्रिकेत दिल्या जाणाऱ्या आरटीएस,एस आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ या दोन्ही लशी डासातून आलेल्या परजीवीला यकृतात पोचण्याआधी अडवतात. त्यांच्या तावडीतून एखादा जरी निसटला, तरी यकृतात त्याचे हजारो मेरोझॉइट होतात. त्यांना रक्तात अडवायला आरएच-५ किंवा डीबीपीची लस जोडीला देता येईल का, यावर आता काम चाललं आहे.